प्रश्न क्रमांक त्रेसष्ट

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. नळ सकाळी सव्वासहाला, पाऊण तास. थंडी कालच्यापेक्षा जास्त. गुडघा बरा. दुपारी पाच किलो ज्वारी दळून आणली. ज्योतीच्या परीक्षेची उत्तरतालिका लागली. प्रश्न क्रमांक त्रेसष्टचं उत्तर चूक दिलं आहे. हरकत घ्यायला शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. ‘चूक दिलं आहे’ या शब्दांखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. मी चौदाव्या वर्षापासून डायरी लिहिते, पण रेघा मारण्याची सवय मला नाही. त्या दिवशी राग आवरला नाही.

ज्योती ही माझी भाडेकरू. नगरला सावेडीत माझं लहानसं घर आहे. मागच्या बाजूला एक खोली, तिला वेगळं दार. यजमान गेल्यापासून ती खोली मी अभ्यासाला येणाऱ्या मुलींना देते. आजवर आलेल्या मुली विशीतल्या, भरपूर कपडे आणि थोडी पुस्तकं घेऊन आलेल्या. ज्योती आली ती गेल्या दसऱ्याच्या आधी, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. वय एकोणतीस. मांडीवर पुस्तकांचं पोतं, खताचं, सुतळीनं तोंड बांधलेलं. नवऱ्याचं नाव वाल्मिक. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. अंगणातूनच म्हणाला, “ह्या साली हिला सोडून चाललोय बाई. एकाच सालाचं बोलनं झालंय आमचं.”

कसलं बोलणं, ते मला नंतर समजलं. ही दोघं पाथर्डीच्या पूर्वेकडची. तिकडची निम्मी गावं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याला परततात. टोळीत माणसं डोक्यांवर मोजत नाहीत, कोयत्यावर मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्याने तोडायचं, बायकोने मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. ज्योती लग्नानंतर सात हंगाम पुऱ्या कोयत्यातली अर्धी होती. त्याआधी आईबापाबरोबर लहानपणापासून उसाच्या फडात. शाळा अर्धी गावात, अर्धी जिथे टोळी उतरेल तिथल्या पाचटाच्या कोपीत. इंग्रजी अक्षरं ती कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांवर शिकली. ‘ग्रॉस’ आणि ‘नेट’ हे तिचे पहिले दोन इंग्रजी शब्द. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तेही असंच, हंगामाच्या मधल्या महिन्यांत. मग एका सरकारी खात्यात लिपिकांच्या जागा निघाल्या आणि तिने नवऱ्याला सांगितलं, एक हंगाम मला सोड. वाल्मिक अर्धा कोयता म्हणून गेला. बायको असून अर्धा कोयता, म्हणून टोळीत त्याची चेष्टा व्हायची. तो स्वतः तोडायचा, स्वतः मोळ्या बांधायचा आणि भाकरी करपवायचा. नोकरी लागली तर दोघांची तोड सुटणार होती. नाही लागली तर पुढच्या दसऱ्याला ज्योती परत फडात.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढचं लिहिताना मला माझाच राग येतो.

संध्याकाळी पाच ते सहा मी तिला इंग्रजी शिकवायचे. माझं शिक्षण नगरच्याच कॉन्व्हेंटमधलं. आमच्या सिस्टर व्याकरणाच्या बाबतीत फार कडक, पट्टी हातात घेऊनच शिकवत. त्यांचा एक नियम माझ्या हाडात बसला आहे. क्रियापदाला आयएनजी लावून त्याचं नाम केलं, म्हणजे ‘जाणं’, ‘येणं’, ‘हसणं’, तर ते कोणाचं, हे सांगायला आधी ‘हिज’ यायला हवं, ‘हिम’ नव्हे. ‘साहेबांनी त्याच्या लवकर जाण्याला हरकत घेतली’ असं म्हणायचं असेल तर ‘हिज लीव्हिंग’. साहेबांची हरकत त्या माणसाला नाही, त्याच्या जाण्याला आहे.

ज्योतीला हे सांगायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

“हे तर आपल्यावानीच हाय की बाई,” ती म्हणाली. “वाल्मिकचं जानं मला आवडत न्हाई. वाल्मिकला जानं आवडत न्हाई म्हनलं तर ते वेगळंच झालं. त्याला कुठं आवडतंय?”

साठ वर्षांत इतकं सरळ उत्तर मी ऐकलं नव्हतं. पण तिच्या क्लासच्या छापील टिपणात मात्र लिहिलं होतं की ‘टू’, ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’ यांच्यानंतर नेहमी ‘हिम’. सोपी युक्ती, दहा सेकंदांत उत्तर. मी तिला लाल पेनने ते पान खोडायला लावलं. ती जरा घुटमळली.

“सरांची युक्ती चालती म्हनत्यात पोरी. परीक्षेत तसंच विचारत्यात.”

“परीक्षा घेणाऱ्यांना इंग्रजी येत असेल ना?”

“ते कोन बघितलंय?” असं म्हणत तिने पान खोडलं.

एकदा तिने माझी शाळेतली डायरी बघायला मागितली. तेव्हा मी इंग्रजीत लिहीत असे. तिसऱ्याच पानावर तिने बोट ठेवलं. माझा भाऊ चोरून विड्या ओढायचा आणि वडिलांना ते खपत नसे, असं काहीतरी होतं. त्यात मी चक्क ‘हिम स्मोकिंग’ लिहिलेलं.

“बाई! हे तुमचंच अक्षर ना?”

“चौदा वर्षांची होते मी.”

“मग सिस्टरनी पट्टी न्हाई हानली?”

“डायरी सिस्टर वाचत नसत.”

“तरीच,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मी पुस्तक उघडून पुढचा धडा घेतला. खरं सांगायचं तर बोलताना सगळे ‘हिम’ म्हणतात, आणि नव्या पुस्तकांतून दोन्ही चालतं असं छापलेलंही असतं. मला ते माहीत होतं. मी तिला ते सांगितलं नाही. मला ते पटत नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली. त्रेसष्टावा प्रश्न नेमका हाच. साहेबांनी हरकत घेतली, रिकामी जागा भरा, चार पर्याय. ज्योतीने ‘हिज’ला खूण केली. उत्तरतालिकेत ‘हिम’.

गुरुवारी ती अभ्यासिकेतून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “बाई, आपला त्रेसष्ट गेला. क्लासच्या पोरींचा बरोबर आलाय. एकेका मार्कावर पन्नास-पन्नास जनी अडकत्यात.”

मी म्हटलं, हरकत घेऊ. कशी घ्यायची, ते मी विचारलं नाही. इथेच माझी पहिली चूक. मी गृहीत धरलं की हरकत म्हणजे पत्र. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस मी पत्र लिहीत बसले. तीन कच्चे मसुदे, मग पक्कं. चार पानं. नियम, त्याचं कारण, पाच उदाहरणं, शेवटी नम्र विनंती. शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक पेटीतून काढलं. ज्योती दोनदा येऊन विचारून गेली, “बाई, झालं का?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “घाई करून चुका करायच्या नाहीत.”

शनिवारी दुपारी साडेतीनला आम्ही चौकातल्या पंकजाच्या दुकानात गेलो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका असं सगळं ती करते. मी पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, याच्या दोन प्रती काढ, एक स्पीड पोस्टने जाईल.

पंकजाने पत्र उलटसुलट पाहिलं. “आजी, अक्षर छापल्यासारखं आहे हो. पण कागद घेत नाहीत ते. वेबसाइटवर जाऊन करायचं. लॉगिन केलं की मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा.” तिने लॉगिनचं पान उघडून ज्योतीकडे पाहिलं. “शेवटी सत्तेचाळीस, हा नंबर तुझाच ना?”

ज्योतीचा चेहरा उतरला. “ह्यो तर ह्यांचा.”

फॉर्म ऑगस्टमध्ये भरला होता, पाथर्डीला. तेव्हा घरात नंबर एकच होता. ज्योतीने स्वतःचं कार्ड घेतलं ते नगरला आल्यावर. तोडीला जाणाऱ्यांच्या घरात अशी चूक सर्रास होते. रेशनकार्डापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळीकडे नवऱ्याचा नंबर, आणि नवरा सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात. ऐनवेळी कोणीतरी दोनशे किलोमीटरवरून आकडे वाचून दाखवायचे, तर इथलं काम होतं.

वाल्मिकचा फोन बंद होता. पंकजाने तोवर दोनदा ओटीपी मागवून ठेवला. मग ज्योतीने टोळीच्या मुकादमाला, बन्सीला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“कोन? ज्योती व्हय? झालीस का गं सायबीन? तुझा न्हवरा बघ हितं, कालवनात मीठ का मिठात कालवन तेच कळंना.”

“बन्सीनाना, ह्यांना फोन द्या. लई घाईचं काम हाय.”

“त्यो फडात हाय. अन् त्याचा मोबाईल लावलाय ट्रॅक्टरवर चार्जिंगला.”

“मग ट्रॅक्टरवरनं काढून द्या!”

“ट्रॅक्टर गेलाय की कारखान्याला. ऊस खाली करून येतोय मागारी. पाच वाजतील.”

मी फोन हातात घेतला. “मुकादम, मी नगरहून बोलतेय. ज्योतीची घरमालकीण. माणसाचा फोन माणसाजवळ असायला नको का?”

“नमस्कार मॅडम. बरोबर हाय तुमचं. पन कोपीत लाईट न्हाई, तिथं फोन काय विस्तवावर चार्ज करायचा का?”

मी फोन ज्योतीच्या हातात परत दिला.

पाच वाजून वीस मिनिटांनी वाल्मिकचा फोन आला. धापा टाकत होता. “ज्योते, लई मेसेज आल्यात. कोनता सांगू?”

“आकडा सांगा आकडा. सहा आकडी.”

त्याने सांगितला. चुकीचा निघाला. पंकजा म्हणाली, मुदत संपलेला वाचला असणार, आता नवा मागवते, शेवटचा वाचायला सांग.

“शेवटचा म्हंजी वरला का खालचा?” वाल्मिक विचारत होता.

“जो आत्ता येईल तो!” ज्योती ओरडली. दुकानात पत्रिका पाहायला आलेलं जोडपं आमच्याकडे बघायला लागलं.

नवा येईना. त्याच्याकडे रेंज जात-येत होती. तो बांधावर चढला, मग रस्त्याकडे पळत गेला. आम्हाला फक्त त्याचे श्वास आणि कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आकडा लागला आणि पान उघडलं. ज्योतीने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पलीकडून वाल्मिक म्हणाला, “झालं का? मग जाऊ? गाडी भरायची हाय, मानसं थांबल्यात.” ज्योती म्हणाली, जा.

प्रश्न क्रमांक टाकला. माझ्या पुस्तकातल्या पानाचा फोटो जोडला. मग कारण लिहायची चौकट आली, तीनशे अक्षरांची. माझं पत्र चार पानांचं.

पंकजा म्हणाली, “मी टाकते. ‘दोन्ही पर्याय ग्राह्य असल्याने गुण मिळावा.’ असंच टाकतात सगळे. लगेच पाठवते.”

“थांब,” मी म्हटलं. “दोन्ही ग्राह्य नाहीत. एकच बरोबर आहे. दुसरं चूक आहे.”

“आजी, तेवढ्यावर भागतंय. हिला मार्क मिळाला म्हणजे झालं ना?”

“चुकीला बरोबर म्हणून मार्क मागायचा?”

“बाई, लिहू द्या काय बी,” ज्योती हळूच म्हणाली.

मी ऐकलं नाही. मी पंकजाच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मजकूर इंग्रजीत सांगायला लागले. तिने टाइप केला. तीनशे बारा अक्षरं झाली. बारा कमी करायची होती. मी एक विशेषण काढलं, मग मला ते वाक्य लंगडं वाटलं. ते परत घातलं आणि दुसरं काढलं. एका ठिकाणी तिने स्वल्पविराम गाळला होता, तो घालायला लावला. ज्योती माझ्या खांद्यामागे उभी होती. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा वाचून मी म्हटलं, “हं, आता पाठव.”

पंकजाने बटण दाबलं आणि पान पांढरं झालं. मग पहिलंच पान परत आलं. दहा मिनिटं काही पाठवलं नाही की आपोआप बाहेर काढतात म्हणे. परत लॉगिन, परत ओटीपी. पाच चोपन्न.

वाल्मिकने फोन उचलला नाही. बन्सीने उचलला. “त्यो गेला की मोळ्या वाहायला. मोबाईल हितं पुन्हा ट्रॅक्टरवर हाय, पन त्याला ते खुनेचं कुलूप घातलंय, मला उघडंना. हाक मारतो, थांबा.” हाक आम्हाला ऐकू आली. लांबवर. पुन्हा एकदा. मग बन्सी म्हणाला, “येतोय, येतोय, पळत येतोय.”

वाल्मिक आला, आकडा त्याने न चुकता वाचला. पंकजाने तो टाकला तेव्हा तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात सहा वाजून एक मिनिट झालं होतं. ‘हरकत नोंदविण्याची मुदत संपली आहे.’ मराठी शुद्ध होतं.

“झालं का ज्योते?” फोनमधून वाल्मिक विचारत होता.

“झालं,” ती म्हणाली. “तुमी भाकरी खाऊन घ्या.”

आम्ही घरी आलो. फाटकाशी ती थांबली. “बाई, एक इचारू? तुमाला माझा मार्क पायजे हुता, का उत्तर बरोबर करून पायजे हुतं?”

 तिने उत्तराची वाट पाहिली नाही. मागच्या दाराने खोलीत गेली.

त्यानंतरचे चार आठवडे ती रोज पाचला वही घेऊन यायची, जणू काही झालंच नाही. मला ते सहन होत नव्हतं. एकदा मी सांगून टाकलं की नव्या पुस्तकांत दोन्ही चालतं असं दिलेलं असतं आणि मला ते आधीपासून माहीत होतं. ती वहीत खाली मान घालून म्हणाली, “मग पंकजाताई बरोबर बोलत हुत्या.” मी म्हटलं, “हो.” पुढच्या वाक्यातलं क्रियापद तिने चुकवलं आणि मी ते दुरुस्त केलं. दुसरं काय करणार?

अंतिम यादी सात फेब्रुवारीला लागली. त्रेसष्टाव्या प्रश्नाचं उत्तर तेच राहिलं. दुसऱ्या कोणी हरकत घेतली होती की नाही, ते कळलं नाही. ज्योतीच्या प्रवर्गाची यादी जिथे तुटली, तिथून ती एका गुणाने खाली.

मला वाटलं ती रडेल. ती पोतं काढून पुस्तकं भरायला बसली. मी म्हटलं, “अगं, हंगाम संपायला अजून दीड-दोन महिने आहेत. पाडव्यापर्यंत इथेच राहा. भाडं नको. दुसऱ्या जागा निघतील.”

“भाड्याचं न्हाई बाई.” ती सुतळी दातात धरून बोलत होती. “बन्सीनाना म्हनलेत, पुढच्या साली अर्धा कोयता टोळीत घेनार न्हाई. घेतला तर पुरा. आन् आत्ता त्यो एकटाच तोडतोय, एकटाच बांधतोय. हितं बसून मी काय करू? निकाल तर लागला.”

“पण जे शिकलीस त्याचं काय?”

“ते कुठं जातंय? पुढच्या टायमाला फॉर्मवर नंबर माझा घालीन.” मग माझ्याकडे बघून थोडी हसली. “आन् कारन पंकजाताईला लिवाया लावीन.”

मला बोललेलं लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं. मी तिला ते व्याकरणाचं पुस्तक देऊ केलं. तिने उघडून पाहिलं, किती जुनं आहे ते पाहून मिटलं आणि टेबलावर ठेवलं. “फडात भिजंल,” म्हणाली.

सोमवारी सकाळी मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत रिक्षाने गेले. गाडीत खिडकी मिळाली. पोतं पायाशी. वाल्मिकला फोन करून तिने सांगितलं की कोयता पुरा होतोय, भाकऱ्या करपवणं बंद करा. गाडी सुटताना कंडक्टरने दार ओढलं.

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. नळ सहा वाजून पाच मिनिटांनी, अर्धा तास. ज्योती साडेआठच्या गाडीने गेली. दुपारी झोप नाही. मागच्या खोलीतला माठ रिकामा करून उपडा ठेवला.